अमली पदार्थांच्या टोळ्या आणि बडे कायदेशीर उद्योग : राजकारणावर अधिक पकड कोणाची?

नोंदवही (धागाकर्ता)

होंडुरास या मध्य अमेरिकेतील छोट्या देशाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास वाचताना दोन घटना शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला, तो येथील जाणकारांपुढे मांडत आहे.

पहिली घटना १९७५ सालची आहे. युनायटेड ब्रँड्स या अमेरिकी केळी-कंपनीने निर्यातीवरील नवा कर कमी करून घेण्यासाठी होंडुरासमधील उच्चपदस्थांना साडेबारा लाख डॉलरची लाच दिली होती आणि तेवढीच रक्कम पुढे देण्याचे कबूल केले होते, हे त्या वर्षी उघडकीस आले. कर प्रत्यक्षात कमी झालेला होता. त्याच फेब्रुवारीत कंपनीचे प्रमुख एली ब्लॅक यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या कार्यालयाच्या खिडकीतून उडी मारून आत्महत्या केली, आणि एप्रिलमध्ये होंडुरासच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष ओस्वाल्दो लोपेस आरेयानो यांना पदावरून दूर केले.

दुसरी घटना आपल्या काळातील आहे. २०१४ ते २०२२ या काळात त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष असलेले हुआन ओर्लांदो एर्नांदेस यांना पद सोडल्यावर काही महिन्यांतच अमेरिकेच्या स्वाधीन करण्यात आले. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्यांना कोकेन-तस्करीच्या कटात दोषी ठरवले आणि जूनमध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या भावाच्या आधीच्या खटल्यात सरकारी पक्षाने असे मांडले होते, की मेक्सिकोतील सिनालोआ टोळीचा म्होरक्या होआकिन गुस्मान याने २०१३ च्या निवडणुकीसाठी दहा लाख डॉलर दिले होते. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एर्नांदेस यांना माफी दिली आणि ते तुरुंगाबाहेर आले.

पद तेच आणि रकमाही जवळपास सारख्याच. देणारे मात्र वेगळे. एकाच्या मालाला बाजारात प्रतिष्ठा होती, तर दुसऱ्याचा माल बाळगणे हाच गुन्हा होता. मग या दोन प्रभावांमध्ये जातीचा फरक आहे, की केवळ प्रमाणाचा? कार्टेलची, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळीची, सत्ता आपल्याला अधिक वाटते ती तिच्या हिंसेमुळे. परंतु हिंसा हे सत्तेचे लक्षण मानावे की सत्ता अपुरी असल्याचे? 'सगळे सारखेच भ्रष्ट' या उत्तराने माझे समाधान होत नाही. फरक असेल तर तो नेमका कोठे आहे, हे उदाहरणांसह समजून घ्यायचे आहे.

अक्षरवेध

धागाकर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नाकडे जाण्याची एक वाट अशी, की या दोघांना राज्यसंस्थेकडून हवे काय असते, हे आधी पाहावे. किती पैसा दिला हा प्रश्न त्यानंतरचा.

अमली पदार्थांच्या टोळीला बंदीचा कायदा रद्द झालेला नको असतो. तिच्या नफ्याचा बराचसा भाग त्या बंदीतूनच येतो, कारण माल धोक्याचा असतो म्हणूनच तो महाग विकला जातो. तिला हवी असते ती कायद्यातून स्वतःपुरती सूट : हे बंदर, हा रस्ता, ही चौकी, हा न्यायाधीश. म्हणून ती माणसे विकत घेते आणि शक्य तितकी त्या माणसांना नेमक्या जागी बसवते. १९९७ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचे प्रमुख जनरल हेसूस गुतिएर्रेस रेबोयो यांना अटक झाली, तेव्हा ते आमादो कार्रियो फुएन्तेस या बड्या तस्कराचे माणूस असल्याचे समोर आले. त्यांच्या कार्यकाळात कारवाया होत नव्हत्या असे नाही. त्या होत होत्या, पण त्यांचा रोख कार्रियोच्या प्रतिस्पर्ध्यांवर असे. पुढे २००६ ते २०१२ या काळात देशाचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री राहिलेले हेनारो गार्सिया लुना यांना सिनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी ज्युरीने दोषी ठरवले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३८ वर्षांहून अधिक काळाची शिक्षा झाली. देशात 'अमली पदार्थांविरुद्धचे युद्ध' पुकारले गेले तेव्हा त्या युद्धाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्यांचीच ही गोष्ट आहे. पण लक्षात घ्या, की या दोन्ही प्रकरणांत एकही कायदा बदलला नाही.

बड्या उद्योगाला मात्र कायदाच हवा असतो. कराचा दर, पेटंटची मुदत, आयात शुल्क, परवान्याच्या अटी या गोष्टी त्याच्या बाजूने लिहिल्या जाव्यात आणि मग सर्वांवर काटेकोरपणे लागूही व्हाव्यात, अशी त्याची मागणी असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण मला अमेरिकेच्या २००३ सालच्या औषधविषयक कायद्यात दिसते. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेत औषधांचा खर्च समाविष्ट करणाऱ्या या कायद्यात एक लहानसे कलम घालण्यात आले : औषधांच्या किमतींबाबत कंपन्यांशी होणाऱ्या वाटाघाटींमध्ये सरकारने हस्तक्षेप करू नये. जगातील सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एकाने घासाघीस करण्याचा हक्क स्वतःच सोडून दिला. हा कायदा पुढे नेणाऱ्यांपैकी एक असलेले संसदीय समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन यांनी २००५ च्या आरंभी संसद सोडली आणि ते औषध कंपन्यांच्या प्रमुख संघटनेचे अध्यक्ष झाले. यात काहीही बेकायदेशीर नव्हते. ते कलम २०२२ पर्यंत, म्हणजे जवळपास दोन दशके अबाधित राहिले. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने मोजक्या औषधांपुरती वाटाघाटीची मुभा दिली आणि त्यातील पहिल्या दहा औषधांच्या किमती जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या.

आता याच्यासमोर कार्टेलने बदलून घेतलेला एकमेव मोठा कायदा ठेवून पाहा. कोलंबिया आणि अमेरिका यांच्यात १९७९ साली प्रत्यार्पणाचा करार झाला होता आणि मेदेयीनच्या टोळीला जगात कशाची धास्ती असेल तर ती या कराराचीच होती. तिचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार १९८२ साली संसदेच्या कनिष्ठ सभागृहात पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला, तेव्हा कायदेशीर राजकारणाची वाट आपल्याला खुली आहे असे त्याला वाटले असावे. न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांनी त्याचा खरा धंदा जाहीरपणे मांडला, आणि त्याची राजकीय कारकीर्द तेथेच संपली. ३० एप्रिल १९८४ रोजी लारा बोनिया यांची हत्या झाली. डिसेंबर १९८६ मध्ये 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकाचे संपादक गिएर्मो कानो मारले गेले, ऑगस्ट १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे आघाडीचे उमेदवार लुईस कार्लोस गालान यांना भर सभेत गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये एक प्रवासी विमान हवेत बॉम्बने उडवून शंभराहून अधिक निरपराध माणसांचा बळी घेण्यात आला. याखेरीज न्यायाधीश, पोलीस आणि रस्त्यावरची साधी माणसे किती गेली याची गणती वेगळीच. या सगळ्याच्या अखेरीस १९९१ च्या नव्या राज्यघटनेत जन्माने कोलंबियन असलेल्यांच्या प्रत्यार्पणाला बंदी घालणारे ३५ वे कलम आले. संविधान सभेने त्याला मान्यता दिली त्याच दिवशी, १९ जून १९९१ रोजी, एस्कोबार शरण आला.

ते कलम किती टिकले? सहा वर्षे. डिसेंबर १९९७ मध्ये प्रत्यार्पण पुन्हा सुरू झाले. एस्कोबार तर त्याआधीच, २ डिसेंबर १९९३ रोजी, मारला गेला होता.

माझे मत यातूनच बनले आहे. ज्याला कायदा लिहून घेता येतो त्याला माणसे मारावी लागत नाहीत, आणि ज्याला माणसे मारावी लागतात त्याने मिळवलेला कायदा, भीती ओसरली की गळून पडतो. कार्टेलचा प्रभाव भीषण असतो, पण तो अरुंद आणि अल्पायुषी असतो. बड्या उद्योगाचा प्रभाव शांत असतो, पसरट असतो, आणि सरकार बदलले तरी शिल्लक राहतो.

उंबरठा

अक्षरवेध यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यांच्या तुलनेतील एक अडचण मला दुर्लक्षिता येत नाही. त्यांनी अमेरिकेतील औषध कंपन्यांची तुलना कोलंबियातील टोळीशी केली आहे. एका बाजूला दोनशे वर्षांची संसद, स्वतंत्र वृत्तपत्रे आणि चालणारी न्यायालये आहेत. दुसऱ्या बाजूला यादवीने पोखरलेला देश आहे. फरक प्रभाव टाकणाऱ्यांमधला आहे की प्रभाव सोसणाऱ्यांमधला, हे अशा तुलनेतून ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कायदा बदलला की नाही, हीच सत्तेची कसोटी मानली तर कार्टेलची सत्ता कमी दिसणारच, कारण ती राजधानीत मोजलीच जात नाही. ती मोजायची असेल तर तालुक्याच्या पातळीवर उतरावे लागते. मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात २०१० च्या निवडणुकीत रोदोल्फो तोर्रे कान्तू हे राज्यपालपदाचे उमेदवार निवडून येणार हे जवळपास निश्चित होते. मतदानाला आठवडाही उरलेला नसताना, २८ जून रोजी, त्यांना रस्त्यात ठार करण्यात आले. मिचोआकान राज्यातील उरुआपान शहराचे महापौर कार्लोस मान्सो टोळ्यांविरुद्ध उघडपणे बोलत असत. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, मृतांच्या सणाच्या सार्वजनिक कार्यक्रमात, सर्वांसमोर त्यांची हत्या झाली. उमेदवार कोण असावा, हे मतदारांच्या आधी दुसरेच कोणी ठरवत असेल, तर तेथे कोणता कायदा कोणत्या सभागृहात संमत झाला याला काय अर्थ उरतो? इगुआला येथून २०१४ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षक होण्याचे शिक्षण घेणारे ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले, तेव्हा त्यांना ताब्यात घेणाऱ्यांमध्ये त्या गावचे गणवेशातील पोलीस होते. तेथे टोळी आणि नगरपालिका यांच्यात सीमारेषा आखणेच अशक्य झाले होते.

वृत्तपत्रांची अवस्था पाहिली की हे आणखी स्पष्ट होते. सप्टेंबर २०१० मध्ये सिउदाद ख्वारेस येथील 'एल दियारिओ' या दैनिकाने आपल्या तरुण छायाचित्रकाराच्या हत्येनंतर पहिल्या पानावर अग्रलेख छापला आणि तो थेट टोळ्यांना उद्देशून लिहिला. आमच्याकडून तुम्हाला काय हवे आहे, काय छापावे आणि काय छापू नये ते सांगा, कारण या शहरातील प्रत्यक्ष सत्ताधीश आता तुम्हीच आहात, असा त्याचा आशय होता. एखाद्या वृत्तपत्राने हे छापावे लागणे, याहून राजकीय सत्तेचा ठळक पुरावा मला सुचत नाही. कुलियाकानमध्ये टोळ्यांवर वर्षानुवर्षे लिहिणारे पत्रकार हाव्हिएर वाल्देस यांना मे २०१७ मध्ये त्यांच्या साप्ताहिकाच्या कार्यालयाजवळच गोळ्या घालण्यात आल्या.

औषध कंपनीने कायदा वाकवला, हे आपल्याला कळले कसे? कोणीतरी ते शोधले, छापले, न्यायालयात मांडले आणि ते करणारी माणसे जिवंत राहिली म्हणून. पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाच्या व्यसनक्षमतेबद्दल डॉक्टरांची दिशाभूल केली; तिच्याविरुद्ध २००७ आणि २०२० साली गुन्हे सिद्ध झाले. शिक्षा अपुरी होती असे मी म्हणेन, आणि त्या औषधाने सुरू केलेल्या लाटेत गेलेल्या जिवांची संख्या पाहिली की संताप येतो. पण तरीही वकील, पत्रकार आणि मुले गमावलेले पालक उघडपणे उभे राहू शकले. कार्टेलच्या प्रदेशात मुले गमावलेल्या माता स्वतः कुदळ-फावडी घेऊन माळरानावर सांगाडे शोधत फिरतात आणि त्यांपैकी काहींना त्याबद्दलच ठार मारले गेले आहे. ही सत्ता 'अरुंद' आहे असे त्या मातांना सांगण्याचे धाडस मला होणार नाही.

ताळेबंद

वरील दोन्ही प्रतिसादांत एक गृहीतक समान आहे, ते म्हणजे कार्टेल आणि कायदेशीर उद्योग या दोन वेगळ्या बाजू आहेत. माझे आयुष्य हिशेबतपासणीच्या कामात गेले आहे, आणि मला या गृहीतकाबद्दलच शंका आहे.

तस्करीचा पैसा रोख असतो, नोटांच्या गठ्ठ्यांत असतो, आणि तसाच राहिला तर त्याचा फारसा उपयोग नसतो. तो बँकेतून जाऊन बाहेर पडतो, तेव्हाच त्याला जमीन, कंपनी, वकील आणि निवडणूक निधी असे रूप घेता येते. म्हणजे कार्टेलच्या राजकीय प्रभावाचा मोठा हिस्सा कोणत्यातरी कायदेशीर संस्थेच्या काउंटरवरून गेलेला असतो. डिसेंबर २०१२ मध्ये एचएसबीसी बँकेने अमेरिकी सरकारशी १.९ अब्ज डॉलरची तडजोड केली. सिनालोआची टोळी आणि कोलंबियातील नॉर्ते देल वाये टोळी यांचे किमान ८८ कोटी १० लाख डॉलर या बँकेतून पांढरे झाले, हे त्या तडजोडीत मान्य करण्यात आले. मेक्सिकोतील शाखांत रोख भरणाऱ्यांनी खिडकीच्या मापाच्या खास पेट्या बनवून घेतल्या होत्या, हा त्यातील तपशील वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. रोजच्या रोज त्या पेट्या पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना काय दिसत होते, याबद्दल शंकेला जागा नाही.

या प्रकरणात बँकेवर खटला चालला नाही आणि कोणी तुरुंगातही गेले नाही. या धाग्याच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा भाग तोच आहे. त्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑझबर्न यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्की यांना पत्र लिहून, ब्रिटिश बँकेवरील कठोर कारवाईचे वित्तीय व्यवस्थेवर काय परिणाम होऊ शकतात याबद्दल चिंता व्यक्त केली होती. २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की काही वित्तसंस्थांचा आकारच इतका मोठा झाला आहे की त्यांच्यावर खटला भरणे अवघड होते. आपल्यावर खटला भरला तर अर्थव्यवस्था हादरेल, एवढ्या एका शक्यतेने सरकारचा हात रोखला जाणे, ही ताकद कोणत्याही टोळीने कधी मिळवलेली नाही. एस्कोबारला त्यासाठी विमान उडवावे लागले आणि तरीही ते त्याला साधले नाही.

उलट दिशेचे उदाहरण धागाकर्त्यांच्या पहिल्या घटनेतच दडलेले आहे. ती युनायटेड ब्रँड्स पुढे चिकिता या नावाने ओळखली जाऊ लागली. याच कंपनीने १९९७ ते २००४ या काळात कोलंबियातील एयूसी या निमलष्करी संघटनेला सुमारे १७ लाख डॉलर दिले. ही संघटना कोकेनच्या पैशावर पोसलेली होती आणि तिने खेड्यांमध्ये केलेल्या कत्तली सर्वज्ञात होत्या. २००१ मध्ये अमेरिकेने तिला दहशतवादी घोषित केल्यानंतरही हप्ते चालूच राहिले. कंपनीचे म्हणणे असे, की कर्मचाऱ्यांच्या जिवाच्या भीतीने द्यावी लागलेली ती खंडणी होती. २००७ मध्ये तिने गुन्हा कबूल करून अडीच कोटी डॉलर दंड भरला, आणि जून २०२४ मध्ये फ्लोरिडातील ज्युरीने आठ बळींच्या कुटुंबीयांना ३ कोटी ८३ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. त्या केळीच्या मळ्यांमध्ये कामगार संघटना कशी बांधायची, जमिनीवर हक्क कसा सांगायचा, निवडणुकीत कोणाला मत द्यायचे हे सगळे ज्या भीतीच्या छायेत ठरत होते, ती भीती टोळीची म्हणायची की कंपनीची? मला तर ती दोघांची मिळून एकच दिसते.

नोंदवही (धागाकर्ता)

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ताळेबंद यांनी दाखवलेला चिकिताचा दुवा मला ठाऊक नव्हता आणि त्यामुळे मूळ प्रश्नाची मांडणीच मला पुन्हा तपासावी लागत आहे.

एक उपप्रश्न विचारतो. निवडणूक निधी ही अशी जागा आहे, जेथे दोघेही एकाच दारातून आत येतात आणि उमेदवाराच्या हिशेबात दोघांचा पैसा सारखाच दिसतो. निवडून आल्यानंतर त्या पैशाची परतफेड दोघांना सारखीच मिळते का? तसेच उंबरठा यांनी वर्णन केलेली स्थानिक पातळीवरील सत्ता कोणत्या देशाने प्रत्यक्षात परतवून लावली आहे का?

मध्यरेषा

पहिल्या उपप्रश्नासाठी दोन प्रकरणे समोरासमोर ठेवतो. ही दोन्ही लॅटिन अमेरिकेतीलच आहेत, त्यामुळे उंबरठा यांचा तुलनेबाबतचा आक्षेप काही अंशी दूर व्हावा.

कोलंबियातील काली या शहराची टोळी मेदेयीनच्या टोळीसारखी नव्हती. तिचे प्रमुख हिल्बेर्तो आणि मिगेल रोद्रिगेस ओरेहुएला हे बंधू स्वतःला उद्योजक म्हणवत असत. औषध दुकानांची मोठी साखळी त्यांच्या मालकीची होती आणि शहराच्या नामांकित फुटबॉल संघावर त्यांची पकड होती. बॉम्बपेक्षा धनादेशावर त्यांचा अधिक विश्वास होता. १९९४ च्या निवडणुकीत एर्नेस्तो साम्पेर यांच्या प्रचाराला त्यांच्याकडून सुमारे ६० लाख डॉलर गेले. मतदानानंतर काही दिवसांतच ध्वनिफिती बाहेर आल्या, आणि 'प्रोसेसो ८०००' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासात प्रचाराचे खजिनदार सान्तियागो मेदिना आणि प्रचारप्रमुख राहिलेले संरक्षणमंत्री फेर्नांदो बोतेरो तुरुंगात गेले. साम्पेर यांनी आपल्याला काही माहीत नव्हते असेच सांगितले आणि जून १९९६ मध्ये संसदेने त्यांच्यावरील कारवाई थांबवली. त्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेने त्यांचा व्हिसा रद्द केला.

इतका पैसा ओतून कालीच्या बंधूंना काय मिळाले? त्यांनी ज्यांच्या विजयाला पैसा पुरवला, त्याच राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत हिल्बेर्तोला जून १९९५ मध्ये आणि मिगेलला ऑगस्टमध्ये अटक झाली. १९९६ मध्ये गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता जप्त करणारा कडक कायदा आला, आणि अक्षरवेध यांनी सांगितलेले १९९७ चे प्रत्यार्पणही साम्पेर यांच्याच काळात पुनरुज्जीवित झाले. देणगीदाराचे नाव उघड होताच त्याचा पैसा उमेदवाराच्या गळ्यातला फास बनला, आणि आपण त्यांचे नाही हे सिद्ध करण्यासाठी सरकारला त्यांच्यावरच तुटून पडावे लागले. बेकायदेशीर देणगीदाराची मूळ दुर्बलता येथे आहे : त्याने केलेला सौदा मोडला गेला तर दाद मागायला त्याला गोळीशिवाय दुसरे न्यायालय नसते.

याउलट ब्राझीलची ओदेब्रेश्त ही बांधकाम कंपनी पाहा. तिने लाच देण्यासाठी स्वतंत्र विभागच ठेवला होता आणि त्याचे नाव 'संरचित व्यवहार विभाग' असे निरुपद्रवी होते. डिसेंबर २०१६ मध्ये तिने अमेरिकेत कबूल केले, की बारा देशांत मिळून सुमारे ७८ कोटी ८० लाख डॉलरची लाच वाटली गेली. पेरूमध्ये याचे पडसाद इतके खोल उमटले की पेद्रो पाब्लो कुचिन्स्की यांनी मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडले, माजी राष्ट्राध्यक्ष आलान गार्सिया यांनी एप्रिल २०१९ मध्ये पोलीस अटक करण्यास आले असता स्वतःवर गोळी झाडून घेतली, आलेहान्द्रो तोलेदो यांना २०२४ मध्ये वीस वर्षांहून अधिक आणि ओयान्ता उमाला यांना २०२५ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तरीही हे सगळे उघड होण्यापूर्वीची दहा-पंधरा वर्षे कंपनीला महामार्ग, धरणे आणि मेट्रोची कंत्राटे मिळत राहिली आणि ती कंत्राटे न्यायालयात बजावून घेता येण्याजोगी होती. कंपनीने दंड भरला, २०२० मध्ये नाव बदलून नोव्होनोर केले, आणि ती आजही उभी आहे. परतफेड सारखी मिळत नाही, असेच माझे उत्तर आहे. कायदेशीर कंपनीच्या लाचेला कराराचे, कागदाचे आणि काळाचे संरक्षण मिळते.

मात्र यावरून अक्षरवेध यांचे सगळे म्हणणे मी स्वीकारतो असे नाही. कार्टेल राष्ट्राध्यक्ष विकत घेण्यात फसते, पण महापौर विकत घेण्यात किंवा संपवण्यात बहुधा फसत नाही; आणि सामान्य माणसाला राज्यसंस्था भेटते ती राष्ट्राध्यक्षांच्या रूपात नव्हे, तर पोलीस चौकी, पाणीपुरवठा आणि जमिनीचा दाखला यांच्या रूपात. त्या पातळीवर उंबरठा यांचेच निरीक्षण अचूक आहे.

दुसऱ्या उपप्रश्नाबाबत इटलीचा अनुभव सांगण्यासारखा आहे, कारण तेथे या स्थानिक सत्तेची स्वतंत्र कायदेशीर दखल घेतली गेली. १९९१ च्या कायद्यानुसार, नगर परिषदेत माफियाचा शिरकाव झाल्याचे आढळले तर एकाही सदस्यावर गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही सरकार ती परिषद बरखास्त करू शकते आणि तीन प्रशासकांचे मंडळ नेमते. निवडून आलेली संस्था मोडणे ही लोकशाहीत साधी गोष्ट नव्हे, आणि मतदारांचा कौल असा बाजूला सारणे अन्यायाचे आहे असे म्हणणारे तेथे आजही आहेत. पण कोकेनच्या व्यापारात युरोपात अग्रभागी असलेल्या एन्द्रांगेता या संघटनेच्या कालाब्रिया प्रांतात या कायद्याशिवाय दुसरा मार्ग उरला नव्हता, असे मला वाटते. ऑक्टोबर २०१२ मध्ये रेज्जो कालाब्रिया या मोठ्या शहराची परिषद याच कायद्याखाली बरखास्त झाली. कचरा उचलण्याची, रस्ते दुरुस्तीची, बांधकामाची कंत्राटे कोणाला जातात, हे प्रशासक तपासतात, कारण टोळीची राजकीय मुळे अशा कामांमध्येच रुजलेली असतात आणि तेथे ती कायदेशीर ठेकेदाराच्या रूपातच वावरते. ताळेबंद यांनी बँकांबद्दल जे सांगितले, ते नगरपालिकेच्या निविदांनाही लागू आहे.

हा उपाय कितपत टिकतो, हे मात्र त्याच प्रांतातील लामेत्सिया तेर्मे या शहराकडे पाहून ठरवावे लागते. तेथील परिषद १९९१ मध्ये बरखास्त झाली, २००२ मध्ये पुन्हा झाली, आणि २०१७ मध्ये तिसऱ्यांदा झाली. प्रत्येक वेळी प्रशासक आले, निविदा नव्याने काढल्या गेल्या, निवडणुका झाल्या, आणि काही वर्षांनी तपास अधिकाऱ्यांना परिषदेत पुन्हा शिरकाव आढळला.

अक्षरवेध

उंबरठा आणि मध्यरेषा यांनी स्थानिक सत्तेबद्दल जे दाखवून दिले आहे, ते मला मान्य आहे. 'अरुंद' हे वर्णन राष्ट्रीय कायद्यांपुरतेच मर्यादित ठेवायला हवे. मध्यरेषा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला फक्त एक पुरवणी जोडतो. नगर परिषदेत माफिया शिरला तर ती बरखास्त करण्याची तरतूद इटलीत आहे. परंतु एखाद्या नियामक मंडळात किंवा संसदीय समितीत ज्या उद्योगावर देखरेख करायची त्याच उद्योगाचा शिरकाव झाला, तर ते मंडळ मोडण्याची अशी तरतूद माझ्या वाचनात कोठेही आलेली नाही. त्यासाठी जी साधने आहेत ती नोंदणीची आहेत. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे पैसे घेऊन कायदे आणि धोरणे कोणाच्या तरी बाजूने वळवू पाहणाऱ्यांना, आपले ग्राहक आणि खर्च जाहीर करणे बंधनकारक झाले आणि त्या नोंदींमुळेच आज आपण वर्षाला चार अब्ज डॉलरहून अधिक पैसा या कामावर खर्च होतो असे म्हणू शकतो. मात्र नोंद केल्याने खर्च दिसतो, थांबत नाही. टॉझिन यांची नवी नोकरीही सर्वांना दिसतच होती.